मराठवाड्याच्या आठ खासदारांना आणि सेहेचाळीस आमदारांना: २०४२ पर्यंत थांबायचं का?

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. राहायला लातुरात, आणि गेली एकोणीस वर्षं अपडाऊन. कॉलेजचं, गावाचं आणि ज्या फाट्यावर मी उतरते त्या फाट्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुमच्यापैकी कोणी तरी फोन फिरवणार, आठ दिवसांत तेवढ्याच फाट्यावर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागणार, त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरणार आणि विषय मिटणार. असे फाटे आठही जिल्ह्यांत आहेत. आपापल्या मतदारसंघातला एक डोळ्यांसमोर आणा आणि पुढे वाचा.

पत्राला कारण झालं एक भाषण. आमच्याकडे एका रस्त्याच्या लोकार्पणाचा कार्यक्रम होता. आम्हा शिक्षकांना पोरांसकट बोलावलं होतं, म्हणजे खुर्च्या भरायला. बोलता बोलता अपघातांचा विषय निघाला, तर व्यासपीठावरचे एक नेते माईकवर म्हणाले, विकास म्हटला की हे थोडंफार होणारच, परदेशातही सुरुवातीला असंच झालं, पैसा येतो, गाड्या येतात, मग हळूहळू शिस्त लागते. टाळ्या पडल्या. ते कोण हे विचारू नका. तुम्हा चौपन्न जणांपैकी बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी, या ना त्या शब्दांत म्हटलेलं आहे.

ते साफ खोटं असतं तर मी घरी येऊन कणिक मळायला घेतली असती. पण ते अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मी स्वतः वर्गात शिकवते.

फळ्यावर मी एक टेकडी काढते. आडव्या रेषेवर दरडोई उत्पन्न, उभ्या रेषेवर लाखामागे रस्त्यावर मरणारी माणसं. देश फार गरीब असतो तेव्हा गाड्याच नसतात, त्यामुळे मरणंही कमी. हातात चार पैसे आले की माणूस पायी चालणं सोडतो, बस सोडतो, दुचाकी घेतो. त्याच रस्त्यावर ट्रक, हायवा, ट्रॅक्टर वाढतात आणि रेघ चढत जाते. आणखी पैसा आला की कुठे तरी टेकडीचा माथा येतो आणि रेघ उतरायला लागते. जागतिक बँकेसाठी काम करताना एलिझाबेथ कोपिट्स आणि मॉरीन क्रॉपर या दोघींनी १९६३ ते १९९९ या काळातले ८८ देशांचे आकडे घेऊन हा माथा शोधला होता. तो निघाला दरडोई ८,६०० डॉलरच्या आसपास, तेही १९८५ च्या किमतींनी. मग भारताचा हिशेब मांडला. याच चालीने गेलं तर भारतात मृत्यूचं प्रमाण उतरायला सुरुवात होईल २०४२ साली.

माझ्या अकरावीच्या वर्गातली पोरं साधारण २००९ ची. २०४२ साली ती तेहेतीस वर्षांची असतील. २०२२ साली देशात रस्त्यावर गेलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक १८ ते ४५ या वयातले होते. म्हणजे तुमच्या त्या ‘हळूहळू’ची वसुली थेट माझ्या हजेरीपटातून होणार आहे. म्हणून उरलेलं अर्धं, जे भाषणात आलं नाही, ते मला लिहावं लागतंय.

टेकडी चढायला कोणाला काही करावं लागत नाही. ती पैशाच्या जोरावर आपोआप चढली जाते. उतरलेल्या देशांकडे मात्र एकेक साल आहे, त्या साली कोणी तरी बसून काही तरी ठरवलेलं आहे. जपानमध्ये १९७० साली १६,७६५ माणसं रस्त्यावर मेली. तिथे या काळाला ‘वाहतुकीचं युद्ध’ म्हणत. त्याच वर्षी त्यांनी वाहतूक सुरक्षेचा कायदा केला, पुढच्या वर्षापासून पंचवार्षिक आराखडे आखले आणि पैसा ओतला तो पदपथांवर, सिग्नलांवर, कठड्यांवर. १९७९ साली आकडा ८,४६६ वर आला होता. नऊ वर्षांत निम्मा, आणि या नऊ वर्षांत गाड्या तर वाढतच होत्या. २०२३ साली तो २,६७८ होता. नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेच्या वर लेकरं. तिथले आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांच्या आंदोलनाचं नावच होतं ‘बालहत्या थांबवा’. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली एक गोष्ट मान्य केली, जी आपल्याकडे म्हटली तर लोक हसतील: माणूस चुकणारच, पण चुकला म्हणून तो मरू नये असा रस्ता करणं हे रस्ता करणाऱ्याचं काम आहे. मग त्यांनी समोरासमोर टक्कर होणाऱ्या रस्त्यांच्या मधोमध तारांचे कठडे बसवत नेले.

आणि ज्यांनी ठरवलं नाही? अमेरिकेइतका पैसा तर कोणाकडे नाही ना? २०२२ साली तिथे ४२,५१४ माणसं रस्त्यावर मेली. लाखामागे साधारण तेरा. आपल्या देशात त्याच वर्षी १,६८,४९१, म्हणजे लाखामागे बारा. अमेरिकेतला माणूस आपल्या कितीतरी पट जास्त अंतर गाडीने जातो, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही, हे माझी बारावीची पोरंसुद्धा सांगतील. पण स्वीडनमध्ये हाच आकडा लाखामागे दोनच्या थोडा वर आहे, आणि गाड्या त्यांच्याकडेही घरोघरी आहेत. पैशाने शिस्त लागत असती तर अमेरिकेला केव्हाच लागली असती.

महाराष्ट्राचा २०२२ चा आकडा १५,२२४. दिवसाला सरासरी एकेचाळीस-बेचाळीस. आपल्या साध्या लालपरीत चव्वेचाळीस सीटा असतात. रोज एक गाडी जवळजवळ भरून जाते आणि परत येत नाही, असं मी पोरांना सांगते. एकदम गेली तर तुम्ही सगळे धावता. समृद्धीवर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस जळून पंचवीस जण गेले, ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर आदळून बारा गेले, तेव्हा मदत जाहीर झाली, चौकश्या लागल्या. पण बहुतेक माणसं एकेक, दोनदोन करून मरतात. आतल्या पानावर, चार ओळींत. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत.’

आता आपल्याकडची चढण कशी झाली ते सांगते, कारण मी ती खिडकीतून पाहिली आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा त्या चाळीस किलोमीटरला एसटीला दीड तास लागायचा. खड्डे इतके की फळ्यावर लिहिताना हात संध्याकाळपर्यंत भरून यायचा. आम्ही शिव्या घालायचो, निवेदनं द्यायचो. मीही एकदा रास्ता रोकोत बसले आहे. रस्त्यांचा अनुशेष हा शब्द मराठवाड्यात लहान पोरालाही कळतो. १९८४ साली दांडेकर समितीने तो मोजला, २०१३ साली केळकर समितीने पुन्हा हिशेब मांडला, मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, २०२० साली त्याची मुदत संपली आणि ते गेलं. रस्ता हवाच होता. ज्यांना वाटतं मी रस्त्याच्या विरोधात आहे, त्यांनी माझ्या कमरेचा एक्स-रे पाहावा.

पण एक गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. ते खड्डेच आमचे गतिरोधक होते. त्या रस्त्यावर कोणाला चाळीसच्या वर जाताच येत नव्हतं. पडायचे लोक, हात मोडायचे, पण बहुतेक जण उठून घरी जायचे. मग सिमेंटचा चौपदरी रस्ता झाला, आता पंचेचाळीस मिनिटं लागतात, आणि वेग ऐंशी-शंभरवर गेला. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेणे अपघात साधारण चार टक्के वाढतात, असं स्वीडनच्या नील्सन यांचं एक सूत्र रस्त्याच्या अभियंत्यांना ठाऊक असतं. चाळीसचे ऐंशी या एवढ्या उडीसाठी ते सूत्र नाही, तरी कोणी करूनच पाहिलं तर उत्तर सोळा पट येतं. तुम्ही आमचे खड्डे काढून घेतलेत, फार उपकार झाले. त्यांच्या जागी काय दिलंत?

माझा एक विद्यार्थी होता. बारावीचा, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचा, मागणी-पुरवठ्याची आकृती काढताना रेघा शाईने काढायचा आणि मग खोडता येत नाही म्हणून पान फाडायचा. रस्ता त्यांच्याच वावरातून गेला. साडेतीन एकर संपादनात गेलं, मावेजा आला. मावेज्याचं पुढे काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे: थोडा बहिणीच्या लग्नात, थोडा घराच्या स्लॅबला, थोडा भाऊबंदकीच्या कोर्टात. उरलेल्यातून डाऊन पेमेंट भरून पोराला गाडी घेतली. कॉलेज बारा किलोमीटर, सकाळची एसटी बंद झालेली, त्यामुळे ही चैन होती असंही मी म्हणणार नाही.

उरलेलं वावर रस्त्याच्या पलीकडे. पलीकडे जायचं तर बोगदा दीड किलोमीटर खाली. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन. मग गावाने जे सगळीकडे होतं तेच केलं. एका रात्री दुभाजकाचे दोन दगड पहारीने काढले, मध्ये मुरूम टाकला, आणि दुचाकी निघेल एवढी वाट केली. तुमच्या अहवालात याला ‘अनधिकृत दुभाजक छेद’ म्हणतात. गावात याला ‘आपला कट’ म्हणतात. दूधवाले तिथूनच जातात, आशाताई तिथूनच जाते, मी एसटीतून उतरले की मीही तिथूनच ओलांडते.

नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कटाच्या अलीकडे कडेला उभा होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. संध्याकाळी सात सव्वासातची वेळ. समोरून येणाऱ्या गाडीचा लाईट डोळ्यावर आला असणार. हेल्मेट घरी खुंटीला होतं.

मी चौथ्या दिवशी भेटायला गेले. बाप ओसरीवर बसलेला. रडून झालं होतं. मला म्हणाला, “म्याडम, तुमी बँकेचं शिकवता म्हनं. हप्ते थांबतेत का हो? गाडी तर भंगारात पडलीय.” सव्वीस हप्ते राहिले होते. हप्ते थांबत नाहीत, हे त्याला सांगायला मला दहा मिनिटं लागली.

मग मी हिशेब करायला बसले, कारण मला तेवढंच येतं. पोरगं सतरा वर्षांचं, लायसन नाही. म्हणजे आपल्या बाजूने दावा कमजोर. ट्रॅक्टरची नोंद शेतीकामाची, वाहतुकीचा विमा नाही. म्हणजे भरपाई मागायची ती मालकाकडून, आणि मालक मुकादमाची उचल उचलून स्वतःच बुडालेला. त्यात कोणी तरी बापाच्या कानात घातलं की अल्पवयीन पोराला गाडी दिली म्हणून नव्या कायद्यात बापावरच गुन्हा होतो, तीन वर्षं कैद आणि पंचवीस हजार दंड. कायद्यात तसं आहेही. त्या धाकाने माणूस ठाण्याची पायरी चढला नाही. दोन्ही बाजूंच्या चार शहाण्यांनी बसून मिटवलं. आज त्याच्याकडे जमीन कमी आहे, पोरगा नाही, आणि कर्ज आहे. जागतिक बँकेच्या एका पाहणीत आपल्या देशातल्या गरीब घरांपैकी पाऊणशे टक्क्यांहून जास्त घरांनी सांगितलं की अपघातानंतर उत्पन्न घटलं. माझ्या विषयाची गंमत अशी की क्रेनचं भाडं, गॅरेजचं बिल, दवाखान्याचं बिल हे सगळं देशाच्या उत्पन्नात मिळवलं जातं.

तो कट अजून आहे. पुढच्या आठवड्यात कोणी तरी येऊन तिथे दगड टाकून गेलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात गावाने ते बाजूला सारले. मी कोणाला दोष देऊ? वावर पलीकडे आहे, ते काही अलीकडे येणार नाही.

आता तुमच्या नियमांबद्दल. राष्ट्रीय महामार्गावर एखादी जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा मृत्यू. मी आमच्या फाट्याचा हिशेब ठेवते. चार झाले आहेत. त्यातला एक वर सांगितला तसा आपसात मिटला, म्हणजे कागदावर तीन. ब्लॅक स्पॉट व्हायला आम्हाला अजून दोन माणसं द्यायची आहेत. वर्गात ऐंशी पोरं आहेत. मी नावं सुचवायची का?

रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत चूक असेल आणि त्यातून माणूस मेला किंवा अपंग झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं आहे. कंत्राटदाराला, सल्लागाराला, अधिकाऱ्यालाही दंड होऊ शकतो. जास्तीत जास्त एक लाख रुपये. या रकमेत आमच्याकडे लग्नाचा मंडपही धड होत नाही. पण तेवढा तरी तुमच्या जिल्ह्यात कोणाला झाला का, हा प्रश्न सभागृहात विचारायला काय हरकत आहे? तारांकित प्रश्न तुम्ही बदल्यांवरही विचारता.

आमची चूक नाही असं नाही. आमची पोरं ट्रिपल सीट जातात, गमछा बांधतात आणि हेल्मेटला लाजतात. सोयाबीन आम्ही रस्त्यावर वाळू घालतो, भोवती दगडांची रांग लावतो, सोयाबीन उचलतो आणि दगड तिथेच ठेवून घरी जातो. गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या एसटीचा ड्रायव्हर दोन किलोमीटरांत तीनदा असे दगड चुकवत गेला, चौथ्याला खाली उतरला आणि स्वतः उचलून बाजूला टाकले. मागून हॉर्न वाजत होते. पण त्या शेतकऱ्याला विचारा, वाळवायचं कुठे? जुनी खळी गेली, बाजार समितीच्या ओट्यावर जागा मिळत नाही, आणि मोंढ्यात ओला माल नेला की आडत्या भाव पाडतो. गुळगुळीत सिमेंटचा इतका मोठा ओटा त्याच्या दारात तुम्हीच तर आणून दिला. कोट्यवधीच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात गावागणिक एक वाळवणीचा ओटा बसला नसता का?

आणि हेल्मेटचं म्हणाल, तर हेल्मेटने मरण्याचा धोका साधारण चाळीस टक्क्यांनी कमी होतो. देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरचे असतात. पोलीस अधूनमधून मोहीम काढतात. तिसऱ्या दिवशी मोहीम का थंडावते, हे चौकात उभ्या असलेल्या कोणत्याही हवालदाराला विचारा. तो मोबाईल दाखवेल. “साहेब, आपला माणूस आहे, सोडा त्याला.” हा फोन कुठून येतो ते मला लिहायला लावू नका. तुम्हाला वाटतं तुम्ही त्या पोराचे पाचशे रुपये वाचवलेत.

हे सगळं तुम्हाला कळत नाही असं मी कसं म्हणू? गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीच्या रस्त्यावर गेले. केंद्रात मंत्री होऊन दहा दिवसही झाले नव्हते, आणि खातं होतं ग्रामविकास, म्हणजे खेड्यांना पक्क्या रस्त्याने जोडणारी योजना ज्याच्याकडे असते ते. गाडीत मागे बसले होते. विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ ला बीडकडून मुंबईला बैठकीसाठी निघाले आणि पहाटे द्रुतगती मार्गावर गेले. देशातल्या सर्वांत चांगल्या म्हणवणाऱ्या रस्त्यावर मदत किती वेळाने पोचली यावर तेव्हा किती वाद झाला, आठवतं? दोघंही बीडचे, दोघंही तुमच्यातले. त्यांच्या अंत्ययात्रेत तुमच्यापैकी कित्येक जण चालत होतात. मला वाटलं होतं, यानंतर तरी मराठवाड्याचे लोकप्रतिनिधी पक्ष विसरून या एका विषयावर एकत्र बसतील. मी वाट पाहिली. मग पुतळ्यांची, स्मारकांची निमंत्रणं आली.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती आहे. खासदारांच्या अध्यक्षतेखालीही एक असते. खासदारसाहेब, तुमच्या जिल्ह्यात तिची शेवटची बैठक कधी झाली, आणि तिचं इतिवृत्त कुठे वाचायला मिळेल? मी टोमणा मारत नाही. मला खरंच वाचायचं आहे.

मागणं फार नाही. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पहिला कागद निधीचा नसावा. गेल्या तीन महिन्यांत जिल्ह्यात रस्त्यावर किती माणसं गेली, कोणत्या तालुक्यात, कोणत्या फाट्यावर, हा असावा, आणि तो पालकमंत्र्यांनी मोठ्याने वाचावा. टाळ्यांशिवाय. रस्ता मंजूर करताना माणसाने तो ओलांडायचा कुठून, दिवा कुठे, सर्व्हिस रोड कुठवर, हे त्याच अंदाजपत्रकात असावं. ‘दुसऱ्या टप्प्यात’ हा शब्द मी आता ऐकूनच घेत नाही. उसाच्या प्रत्येक ट्रॉलीमागे दिवा आणि लाल पट्टी लागल्याशिवाय कारखान्याच्या गेटातून पावती मिळू नये. कारखाने कोणाचे आहेत, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आजीला जावयाचं नाव सांगण्यासारखं आहे. ज्यांचं माणूस गेलं त्यांना त्यांचे हक्क कोणी तरी सांगावेत. अपघातात जखमी झालेल्याला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना मे २०२५ पासून आहे. अज्ञात वाहनाने उडवलं तर वारसांना दोन लाख मिळतात, अर्ज तहसीलमार्फत जातो. माझ्या फाट्यावर हे मी स्वतः वीस जणांना विचारलं. एकालाही माहीत नव्हतं, त्यांत एक सरपंच होते.

आणि एसटी. हे मी शेवटी लिहिते कारण यावर कोणी बोलत नाही. एकोणीस वर्षांच्या हजेरीपटांतून मी आठ नावांवर लाल रेघ ओढली आहे, रस्त्यावर गेलेल्यांच्या. सात मुलगे, एक मुलगी. वर्गात मुली निम्म्या असतात, मग हे असं का? बराच विचार केला. मुली हुशारीने गाडी चालवतात वगैरे मला पटत नाही, चालवतच नाहीत बिचाऱ्या. उत्तर त्यांच्या दप्तरात सापडलं. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो. त्या एसटीने येतात. मुलग्यांना पास सवलतीत आहे, पण गाडीच वेळेवर नाही, मग ते बाईकवर. जी एक मुलगी गेली तीही त्या दिवशी एसटी आली नाही म्हणून भावाच्या मागे बसली होती. आठ हा आकडा छोटा आहे, यावरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मीच शिकवते. तरी सांगते. रस्ता सुरक्षेचं सर्वांत स्वस्त काम मराठवाड्यात एखाद्या पुलाने झालं नसेल, ते त्या पासाने केलं. सकाळी सातची आणि संध्याकाळी साडेपाचची गाडी चालू ठेवा. लोकार्पण करण्यासारखं त्यात काही नाही, हे मला माहीत आहे.

नागपूरच्या अधिवेशनाला तुमच्यातले बरेच जण समृद्धीनेच जातात. शक्तिपीठ महामार्गावरून आपल्याकडे गावंच्या गावं पेटलेली आहेत. तो व्हावा की नाही, यात मी इथे शिरत नाही. जालना-नांदेडचं काम आहे, आणखीही येतील. प्रत्येक आखणीत कोणाचं तरी वावर दोन तुकडे होणार आहे आणि प्रत्येक तुकड्याला मावेजा मिळणार आहे. त्यातल्या किती पैशांच्या दुचाक्या होतील, तेवढा अंदाज आखणी करणाऱ्यांनी आधीच करून ठेवावा.

एक विनंती आहे. दिवाळीनंतर, कारखाने सुरू झाल्यावर, एक दिवस ताफा लातुरात ठेवून संध्याकाळच्या एसटीने माझ्याबरोबर या. आपण सातच्या सुमाराला उतरू. कटाजवळ उभं राहून दोन्ही बाजू बघायच्या, उजवीकडून येणारा ट्रक आधी जाऊ द्यायचा, मग पहिल्या दोन पदरांत धावायचं आणि दुभाजकातल्या मुरुमावर थांबायचं. तिथे तिघंच जण मावतात, त्यामुळे कार्यकर्ते आणू नका. खांब आहे, त्यावर दिवा नाही. मोबाईलची बॅटरी चालू करून हात वर धरायचा, म्हणजे डावीकडचे दिसल्यावर थोडं हळू करतात. सगळे नाही करत.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका
लातूर